हिरण्यकेशी, भोगावतीत परातीने सोने शोधायला परवानगी लागते का?

घाटवाट_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी आम्ही आठ जण ओढ्यात परात घेऊन बसायचे म्हणतोय. सोने धुऊन काढायची जी परदेशी पद्धत व्हिडिओत दिसते, तीच. विकायचे नाही, धंदा करायचा नाही, निव्वळ हौस.

सामान आलेले आहे: ३५ सेंटीमीटरच्या दोन हिरव्या प्लॅस्टिकच्या पराती (एका अंगाला आडव्या खाचा असलेल्या), २ आणि ५ मिलिमीटरच्या चाळण्या, ९० सेंटीमीटर लांबीची घडीची ॲल्युमिनियमची पन्हळ (हिच्यातून वाळू पाण्याने वाहवली की जड कण अडकतात), १२ व्होल्टचा छोटा पंप आणि दोन फावडी. जागा दोन मनात आहेत. एक आजऱ्याच्या वर हिरण्यकेशीचे पात्र (नावातच हिरण्य आहे म्हणून), दुसरी राधानगरीच्या वर भोगावतीला मिळणारे ओढे.

विचारायचे ते असे. परवानगी लागते का, आणि लागत असेल तर कोणाकडे जायचे? ऑस्ट्रेलियात एक साधा परवाना काढला की दहा वर्षे कुठेही बसता येते म्हणे, तसे आपल्याकडे काही आहे का? पंप वापरला तर अडचण येईल का? आणि नदीला इजा न होता हे करायची नीट पद्धत काय? जाणकारांनी सविस्तर सांगावे.

---

काळवत्री

कायद्याचे इथले बाकीचे सांगतीलच. आधी सोने कुठून येणार ते बघा, कारण निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

नदीच्या वाळूत सोने सापडायला वरच्या अंगाला सोने असलेला खडक लागतो. कोल्हापूर जिल्ह्याचा बहुतेक भाग म्हणजे दख्खनचा लाव्हा, आपला काळा पाषाण (बेसाल्ट), आणि पठारांवर जांभा. बेसाल्टमध्ये सोने असते, पण टनामागे काही मिलिग्रॅम. दहा लिटरच्या बादलीत ओली वाळू धरा १८ किलो. टनाला ३ मिलिग्रॅम या हिशेबाने बादलीभर वाळूत ०.०५ मिलिग्रॅम येते, आणि तेही सुटे नाही, खनिजांच्या कणांत अडकलेले. परात कितीही हलवा, ते वेगळे होत नाही. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी चारही या लाव्ह्यावरूनच उतरतात. तेव्हा राधानगरीचा बेत भूशास्त्राच्या अंगाने फुकट आहे.

हिरण्यकेशीचे थोडे वेगळे. आजरा, गडहिंग्लज, चंदगड या पट्ट्यात लाव्ह्याच्या खालून कलादगी गटाचे जुने वालुकाश्म आणि क्वार्टझाइट डोकावतात. पण खरे सोने धरणारा धारवाड गटाचा शिस्ट खडक आणखी दक्षिणेला आणि पूर्वेला आहे. हट्टी रायचूरकडे, कप्पतगुड्डा गदगकडे. कप्पतगुड्ड्याच्या ओढ्यांत जालगार नावाचे लोक पिढ्यानपिढ्या सोने धूत, १८७४ मध्ये भूवैज्ञानिक ब्रूस फूटने त्या टेकड्यांच्या खडकांवर लिहून ठेवले आहे. तो डोंगरही २०१९ पासून अभयारण्य आहे. झारखंडच्या सुवर्णरेखेत आजही कण मिळतात. नाव आणि खडक जुळण्याचे ते उदाहरण. हिरण्यकेशीचे नाव आंबोलीच्या देवस्थानावरून आले आहे, खडकावरून नाही.

परातीच्या तळाला काय उरेल तेही सांगून ठेवतो, म्हणजे फसगत नको. काळी जड वाळू भरपूर येईल. ती मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट, बेसाल्ट झिजून सुटलेली. मॅग्नेटाइट चुंबकाला चटकन चिकटते, इल्मेनाइट जेमतेम. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवा, नाहीतर चिकटलेली वाळू खरवडत बसाल. आजऱ्याकडे पिवळी चमक दिसली तर ती बहुधा झिजलेला अभ्रक. ओळखायची खूण सोपी आहे: सुईच्या टोकाने दाबा. सोने चेपते आणि टोकाचा खड्डा धरून ठेवते. अभ्रकाचे पापुद्रे निघतात. पायराइट या सोन्यासारख्या दिसणाऱ्या खनिजाचा चुरा होतो आणि तो पांढऱ्या फरशीच्या उलट्या, खरखरीत बाजूवर काळी रेघ ओढतो. आणखी एक, परात उन्हातून सावलीत न्या. सोने सावलीतही पिवळेच दिसते, अभ्रकाची चमक विझते.

घरबसल्या बघायचे असेल तर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे भूकोश पोर्टल उघडा. ओढ्यांतल्या गाळाचे रासायनिक नकाशे तिथे आहेत, २ किलोमीटर बाय २ किलोमीटरच्या चौकटीत एकेक नमुना. सोन्याचा रकाना दर अब्ज भागांत असतो, तेवढे लक्षात ठेवा. एकेरी आकडे म्हणजे काही नाही.

---

सातबारा

परवानगीचे सरळ उत्तर: हौशी माणसाला ओढ्यात सोने शोधायची परवानगी देणारी तरतूदच आपल्या कायद्यात नाही. अर्ज कुठे करायचा हा प्रश्नच उरत नाही, कारण तसला अर्जच नाही.

खाण व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम १९५७, कलम ४(१). परवाना किंवा पट्टा असल्याशिवाय कोणीही खनिजाची पाहणी, पूर्वेक्षण किंवा खाणकाम करू नये. आता हे शब्द कसे वाचायचे? व्याख्या कलम ३ मध्ये आहेत. खाणकाम म्हणजे खनिज मिळवण्याच्या उद्देशाने केलेले कोणतेही काम. पूर्वेक्षण म्हणजे खनिज शोधण्याच्या, त्याचा ठाव लावण्याच्या किंवा साठा सिद्ध करण्याच्या उद्देशाने केलेले काम. कुठेही किलो नाही, टन नाही, यंत्र नाही, विक्री नाही. कायदा उद्देश बघतो. तुमचा उद्देश तुम्ही वर स्वतःच लिहून ठेवला आहे.

बरे, सोने हे गौण खनिजही नाही. वाळू, मुरूम, दगड गौण खनिजात येतात, त्यांचे नियम राज्य करते आणि तहसीलदार पातळीवर परवाने होतात. सोने मोठ्या खनिजांत. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सोने याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आले, तिथे शोध परवाना लिलावाने मिळतो आणि तो कंपन्यांच्या आकाराचा आहे. रविवारच्या सहलीच्या आकाराचा नाही.

शिक्षा कलम २१ मध्ये: पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी पाच लाख रुपयांपर्यंत दंड. हत्यारे, वाहन, सामान जप्त करता येते. न्यायालय दखल घेते ती अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवर, म्हणजे शेजारच्या शेतकऱ्याने फोन केला म्हणून थेट खटला उभा राहत नाही. पण गाडी तहसीलच्या आवारात उभी राहायला तेवढा फोन पुरतो.

प्रत्यक्षात अडचण सोन्यावरून येणार नाही, वाळूवरून येईल. नदीपात्र महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे शासनाचे, आणि कलम ४८ प्रमाणे खनिजही शासनाचे. नदीत फावडी, चाळणी, घमेली आणि पंप घेऊन आठ माणसे दिसली की तलाठी किंवा मंडल अधिकारी तुमच्याशी सोन्याची चर्चा करणार नाही. त्याच्या दृष्टीने तो वाळूउपसा. कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, ४८(८) खाली यंत्र आणि वाहन जप्त. वाळू तुम्ही नेली नाही हे दाखवायला चाळून वेगळा केलेला ढीग तिथेच असतो, पण ढीग केला म्हणजे उत्खनन केले हेही त्याच ढिगावरून दिसते.

जागेचे वेगळे. राधानगरीच्या वरचे बरेच ओढे अभयारण्यात आहेत. तिथे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चे कलम २९ लागते: अधिवासाची नासधूस, पाण्याचा प्रवाह वळवणे, अडवणे, सगळे बंद. पन्हळ लावायला दोन दगड रचून पाणी वळवले तरी ते प्रवाह वळवणेच. पर्यटनाचे तिकीट म्हणजे कलम २८ चा प्रवेश, त्यात खोदकाम येत नाही. अभयारण्याबाहेर राखीव वन असेल तर भारतीय वन अधिनियम १९२७ मध्ये दगड, माती, खनिज हे सगळे वनउपज धरले आहे.

आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाचे कुंड आणि परिसर, २.११ हेक्टर, २०२१ पासून जैवविविधता वारसा स्थळ आहे. तिकडे तर परात पिशवीतून बाहेरही काढू नका.

---

घाटवाट_कोल्हापूर

धन्यवाद. एवढे असेल असे वाटले नव्हते. दोन शंका. खासगी शेतातून जाणारा ओढा असेल आणि मालकाची लेखी संमती असेल तर? आणि ऑस्ट्रेलियाचे ते खरे आहे ना?

---

सातबारा

खासगी शेत: मालकाच्या संमतीने तुमचा अतिक्रमणाचा प्रश्न मिटतो, खनिजाचा नाही. कलम ४८ जमीन कोणाची हे बघत नाही. जमीन स्वतःची असली तरी १९५७ च्या कायद्याचा परवाना लागतोच. शिवाय गावनकाशा काढून बघा, शेतातून दिसणारा ओढा बहुतेक वेळा सातबाऱ्याबाहेर सरकारी नाला म्हणून आखलेला असतो.

ऑस्ट्रेलियाचे खरे आहे, पण अर्धे. तो व्हिक्टोरिया राज्याचा ‘मायनर्स राइट’, मुदत दहा वर्षे. त्यात फक्त हाताची हत्यारे: कुदळ, फावडे, चाळणी, परात, पाळणा (वाळू हलवून धुवायची पेटी), धातुशोधक. मोटारीवर चालणारे खोदकाम नाही, झाड-झुडूप तोडायचे नाही, आदिवासी वारशाच्या जागेला हात लावायचा नाही, खणलेले परत होते तसे करायचे. कुठेही बसता येते हेही चूक, बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत आणि ठरावीक नद्यांत बंदी आहे. न्यूझीलंडमध्ये ठरवून दिलेल्या सार्वजनिक जागा आहेत, त्या हद्दीत विनापरवाना बसा, पण तिथेही फक्त हाताची, बिनमोटारीची हत्यारे. हे देश सोन्याच्या धावेतून (गोल्ड रश) घडले, म्हणून हौशी माणसासाठी कायद्यात एक खिडकी राहिली. आपल्याकडे ती कधी उघडलीच नाही.

---

पंचगंगेचा_पोरगा

एवढं काय राव! रोज रात्री ट्रॅक्टर भरभरून वाळू जाते ते दिसत नाही कुणाला. आठ पोरं परातीत वाळू हलवून परत तिथंच टाकणार, त्यानं नदीचं काय बिघडतंय? धुणं धुतल्यानं, म्हशी डुंबल्यानं नदी गढूळ होत नाही का?

---

ओढ्याकाठी

ट्रॅक्टरचे म्हणणे बरोबर आहे, दोन्हींची तुलना होऊच शकत नाही. पण ‘काय बिघडतंय’ याचे उत्तर आकड्यात देता येते, तेवढे देतो.

३५ सेंटीमीटरची परात अर्धी भरली की साधारण ४ किलो माल बसतो. आठ जणांनी दिवसातल्या चार तासांत प्रत्येकी २५ पराती धुतल्या तर ८०० किलो. त्यात मातीचा बारीक अंश दहा टक्के धरा, म्हणजे ८० किलो गाळ पाण्यात सुटला. दिवाळीनंतर घाटातल्या छोट्या ओढ्याला सेकंदाला ५० लिटर पाणी असले तर चार तासांत ७ लाख २० हजार लिटर वाहते. भागाकार करा, लिटरला ११० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे गुडघाभर पाण्यात स्वतःच्या पायाची बोटे दिसणार नाहीत एवढे गढूळ, चार तास. पंचगंगेच्या घाटावर म्हैस डुंबते तिथे पाण्याला खोली आहे, वाहण्याला जोर आहे. ओढ्याला तो नसतो.

आणि पावसाळ्यात नदी याहून कितीतरी गढूळ असते, मग तेव्हा काही होत नाही का, असा पुढचा प्रश्न येतोच. तेव्हा पाण्याला जोर असतो, गाळ तळावर बसत नाही, खाली वाहून जातो. नोव्हेंबरात प्रवाह पडलेला असतो. उठवलेली माती दहा-वीस मीटरवरच्या पहिल्या डोहात बसते, आणि पुढच्या जूनपर्यंत तिथेच राहते.

बसते कुठे ते महत्त्वाचे. गोट्यांच्या मधल्या भेगांत. ओढ्याच्या तळाचा वरचा दहा-पंधरा सेंटीमीटरचा थर म्हणजे सगळा संसार तिथे: चतुरांच्या, मेफ्लायच्या, कॅडिसफ्लायच्या अळ्या, खेकड्यांची पिल्ले, दगडाखाली राहणारे बोटभर मासे. पाणी या भेगांतून खेळते म्हणून तिथे प्राणवायू पोहोचतो. बारीक गाळाने भेगा लिंपल्या की वरून ओढा स्वच्छ दिसतो, खाली मात्र गुदमरतो. आंबोलीच्या त्या कुंडातला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हा मासा २०२० मध्ये विज्ञानाला नवा म्हणून नोंदला गेला. असल्याच गोट्यांच्या तळावर जगणारा. वारसा स्थळ त्याच्यासाठीच झाले आहे. फावड्याने नेमका हाच थर उलटा होतो, कारण सोने शोधणाराही गोट्यांखालीच बघतो.

दुसरे नुकसान काठाचे. जुन्या पुस्तकांत सांगतात की वळणाच्या आतल्या अंगाला आणि झाडाच्या मुळांत जड कण अडकतात. म्हणून हौशी लोक मुळे कोरतात. करंज, उंबर, जांभूळ यांची मुळेच ओढ्याची दरड धरून असतात. काठ फूटभर आत कोरला की पुढच्या पुरात झाड जाते, आणि झाडामागून शेताची माती. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात हौशी लोकांना परात चालते, पण काठाखाली कोरणे बंद, खड्डा भरूनच उठायचे, माशांची अंडी दिसली की काम तिथल्या तिथे थांबवायचे.

पंपाचे विचारले होते. कॅलिफोर्नियाने पाण्याखालून गाळ ओढणारे पंप २००९ मध्ये थांबवले. खाणवाले न्यायालयात गेले, १८७२ चा केंद्राचा खाण कायदा आम्हाला हक्क देतो म्हणाले. २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याची बंदी टिकवली. कारण गढूळपणाएवढेच नव्हते. एकोणिसाव्या शतकातल्या खाणवाल्यांनी पन्हळींत ओतलेला पारा अजून त्या नद्यांच्या तळाला आहे, पंप तो उचलून बारीक थेंबांत फोडतो आणि प्रवाहात परत सोडतो. परात मात्र तिथे चालू राहिली. हा फरक लक्षात घ्या: जिथे हौशी लोकांना मोकळीक आहे तिथेही रेघ साधारण मोटारीपाशी ओढलेली असते.

तुमचा १२ व्होल्टचा पंप गाळ ओढणारा नाही, पन्हळीला पाणी देणारा आहे, हे कळते. पण पन्हळ म्हणजे परातीच्या दसपट माल. गाळही दसपट.

एक बारीक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. पंचगंगेत किंवा रंकाळ्यात भिजलेले बूट, चाळण्या, दोर तसेच घाटातल्या ओढ्यावर नेऊ नका. जलपर्णीचा मुळासकटचा एक तुकडा पुरतो. सामान धुऊन, दोन दिवस कडक उन्हात वाळवून मगच न्या. हे ट्रेकला जातानाही लागू.

आणि शिरोळच्या बाजूला, कृष्णा-वारणेच्या काठी असला बेत मनात असेल तर मगरी आहेत, विसरू नका. भोगावतीत धरणाच्या खाली बसलात तर वीजगृहातून पाणी सुटले की पात्र बघता बघता चढते.

---

गुजरीकर

सोने नदीत शोधताय, कोल्हापुरात ते गुजरीच्या (सराफ बाजाराच्या) गटारीत आहे! गंमत सोडा, पण परातीचे कसब आपल्याकडे शेकडो वर्षे आहे. झारेकरी सोनाराच्या दुकानातला झारा, म्हणजे केर-राख, विकत घेतात आणि धुऊन कण काढतात. हुपरीत चांदीचे तसेच. तो केर दुकानमालकाचा माल असतो, सौदा होऊन घेतात. रस्त्यावरची माती खरवडणे हा वेगळा विषय.

सांगायचे ते दुसरेच. हौशी लोक एक पाऊल पुढे जातात तेव्हा घोटाळा होतो. काळ्या वाळूतून बारीक कण सुटेना की व्हिडिओ बघून पारा आणतात. पारा सोन्याला धरतो, गोळी होते, ती तापवली की पारा उडतो आणि सोने उरते. पारा उकळतो ३५७ अंशाला, पण वाफ त्याआधीच सुटायला लागते. ती दिसत नाही, वासही येत नाही. स्वयंपाकघरातल्या गॅसवर एकदा जरी हे केले तरी पारा भिंती-पडद्यांवर बसतो आणि महिनोन्‌महिने हवेत येत राहतो. उरलेला बेसिनमध्ये ओतला तर तो जयंती नाल्यातून पंचगंगेत, तिथल्या गाळातले जिवाणू त्याचा मिथिल पारा करतात, आणि तो माशांतून ताटात. भारताने मिनामाता कराराला २०१८ मध्ये मान्यता दिली, त्यात सोन्यासाठी पारा वापरणे कमी करत नेण्याचे कलमच आहे. नायट्रिक ॲसिडचेही तसेच, तपकिरी धूर म्हणजे फुफ्फुसाला थेट इजा, आणि त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो.

हातच साफ करायचा असेल तर नदी कशाला, अंगणात टब मांडा. वजनाच्या हिशेबाने सोन्याला जवळचा आणि परवडणारा पदार्थ म्हणजे टंगस्टन. सोन्याची घनता १९.३, टंगस्टनचीही १९.३. गळाला लावायची टंगस्टनची बारीक वजने मासेमारीच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात. शिशाचे छर्रे वापरू नका, घनता ११.३ आहे आणि हाताला विष लागते. पितळेचा कीस ८.५ ला येतो, शिकायला चालतो, पण पितळ टिकले म्हणजे सोने टिकेल असे गणित बांधता येते, उलटे नाही.

---

घाटवाट_कोल्हापूर

मग ओढ्याचा बेत रद्द. टबचेच करू. शाळेच्या मैदानावर आठ-दहा पोरांना दाखवता येईल. असा विचार आहे: ६० लिटरचा टब, बांधकामाची वाळू २० किलो, त्यात टंगस्टनचे २० कण मोजून टाकायचे आणि किती परत मिळतात ते बघायचे. पाणी शेवटी गटारीत. काही चुकतेय का?

---

काळवत्री

बेत चांगला. वाळू पावतीसह घ्या, कुठल्या तरी ट्रॉलीतून उचललेली नको. क्रश सँड घेतलीत तर आधी दोन-तीन पाण्यांनी धुवा, तिच्यात दगडाचे पीठ जास्त असते आणि पहिल्याच परातीला पाणी दुधासारखे होते. शिवाय तिचे कण टोकदार, एकमेकांत अडकतात, जड कण खाली सरकायला वेळ लागतो. नदीची वाळू गोल, पटकन हलते. पोरांना आधी गोल वाळू द्या.

क्रम असा ठेवा. ५ ची चाळणी वर, २ ची खाली. २ मिलिमीटरच्या खालचाच माल परातीत, अर्ध्याच्या वर नको. टंगस्टनचे कणही २ पेक्षा लहान हवेत, नाहीतर चाळणीतच उरतील. परात पूर्ण पाण्याखाली धरून मातीची ढेकळे बोटांनी फोडा. चिकणमातीच्या गोळीत कण बसला तर तो गोळीसकट वाहून जातो, सगळ्यात जास्त तोटा इथेच होतो. मग परात आडवी, पाण्याखालीच, डावी-उजवीकडे जोरात झटके, पंधरा-वीस. याने जड खाली बसते. पोरे हा टप्पा उरकतात आणि थेट तिरकी करून धुवायला लागतात, म्हणून कण जातात. त्यानंतर खाचांची बाजू पुढे, परात वीसेक अंश तिरकी, वरचा थर पाण्याच्या हेलकाव्याने जाऊ द्या. चार-पाच हेलकावे झाले की पुन्हा आडवी करून झटके. चमचाभर उरले की थांबा, थोडे पाणी घेऊन गोल फिरवा, काळ्या वाळूच्या शेपटीच्या मागच्या टोकाला कण उघडे पडतात.

परातीला हाताचे तेल लागलेले असेल तर बारीक कण पाण्यावर तरंगतात. नवी परात राख किंवा बारीक वाळूने घासून घ्या. टबात साबणाचा एक थेंब चालतो, कारण पाणी टबातच राहते. ओढ्यात तोही नको.

२० पैकी १८ आले तर हात बसला म्हणा. १५ च्या खाली असेल तर टबाच्या तळाची वाळू परत धुवा, कण कुठल्या टप्प्याला गेले ते कळते.

---

ओढ्याकाठी

पाणी गटारीत नको, शाळेची गटार बुजेल. ६० लिटरला ३ ग्रॅम तुरटी, म्हणजे अर्ध्या चमच्याच्या आसपास, मगभर पाण्यात विरघळवून टाका. मिनिटभर जोरात ढवळा, मग पाच मिनिटे हळू, आणि झाकून ठेवा. सकाळी वरचे पाणी नितळ असते, ते झाडांना. तळाचा गाळ घमेल्यात वाळवून वाळूत परत मिसळा. साबण टाकला असेल तर पाणी भाजीच्या वाफ्याला नको, कडेच्या झाडांना द्या.

---

सातबारा

वाळूची पावती शाळेच्या नावावर घ्या आणि मैदानावर असेपर्यंत जवळ ठेवा. २० किलोला कोणी विचारणार नाही, पण पोरांपैकी कोणीतरी व्हिडिओ टाकणार, ‘कोल्हापुरात सोने सापडले’ असे लिहून. मग विचारतील.